एक तोळ्याची श्रीमंती

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताम्हनात चांदीचा एक रुपया असतो. त्यावर सहाव्या जॉर्जची मुद्रा, आणि वर डाग देऊन बसवलेली कडी. आजीच्या गळ्यात अशा रुपयांची माळ होती म्हणे. वडिलांच्या शिक्षणापायी एकेक रुपया सोनाराकडे गेला. हा शेवटचा तेवढा तिने लक्ष्मीपुढे ठेवला, म्हणून वाचला.

यंदा पुतण्याने तो निरखून पाहिला आणि ओरडलाच, "काका, हा १९३९चा आहे हो!" त्या सालचा रुपया फार दुर्मिळ, संग्राहक त्याला मोठी किंमत देतात. झाले! त्या रात्री जेवता जेवता गावच्या घराचे छप्पर नवे झाले, पुतणीच्या फीची सोय लागली. मग हिश्शाचा विषय निघाला आणि मी व धाकटा भाऊ मुकाट्याने ताक पिऊ लागलो.

दुसऱ्या दिवशी दोघेही एका जाणकार गृहस्थांकडे गेलो. एकट्याने जाणे दोघांनाही सोयीचे वाटले नसावे! त्यांनी रुपया तराजूत टाकला. मूळ वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. आमचा कडीसकट थोडा जास्तच भरला.

"वजन जमते," ते म्हणाले, "काठावर ओतकामाचा सांधाही नाही. १९४०पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली; हा त्याआधीचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा. पण वजनावरून साल ठरत नाही. १९३८च्या इंग्रजी आठाचा नऊ करून विकणारे पुष्कळ भेटतात."

"आमच्या घरात असले कुणी—" मी उसळलो.

"तसे नव्हे. कोरणी लावली असती तर फक्त आकड्यावर ओरखडे दिसले असते. इथे राजाचा कान, मुकुट, अक्षरे, सारेच झिजले आहे. हे पाहा, आठाच्या खालच्या पोटाची डावी बाजू पुसली गेली आहे." त्यांनी भिंग माझ्या हाती दिले. पुसट कमान मलाही दिसली. "कशाने घासता?"

"रांगोळीने. दर दिवाळीला."

ते हसले. आठाचा नऊ आमच्याच घरातल्या बायकांनी केला होता. आजीने, आईने, आता हिने. "आणि नऊ असता तरी," ते म्हणाले, "कडीने आणि झिजेने किंमत पुष्कळ उतरली असती. आता चांदीचा भाव तेवढा मिळेल."

वाटेत आम्ही दोघे बराच वेळ बोललो नाही. मग भाऊ म्हणाला, "दादा, आजीने एवढा एकच का रे ठेवला असेल?" मला उत्तर सुचले नाही. पण आदल्या रात्रीपासून तो माझ्याशी प्रथमच बोलत होता.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहिनीचा, म्हणजे धाकट्या जावेचा, हात रांगोळीच्या डब्यापाशी अडखळला. "भावजी, घासू ना?"

"घासा, अगदी निर्धास्त घासा," मी म्हणालो.