बाहेर न गेलेली कॅसेट

खामगावात आमच्या मोहल्ल्यात डीव्हीडी प्लेअर घरोघरी होते, पण डीव्हीडी रेकॉर्डर मोजून तीन घरांत. हा फरक आज वर्गातल्या मुलांना समजावून सांगावा लागतो. प्लेअर नुसता दाखवतो. रेकॉर्डर टीव्हीवरचा कार्यक्रम किंवा जुन्या कॅसेटवरचं चित्र कोऱ्या डिस्कवर उतरवून घेतो. म्हणजे व्हीसीआरचाच धाकटा भाऊ, फक्त टेपऐवजी चकती. 2005-06 च्या सुमारास चिनी बनावटीचा प्लेअर दीड-दोन हजारांत मिळायचा. रेकॉर्डर मात्र आमच्याकडच्या दुकानांत मांडलेला मी कधी पाहिला नाही. तिन्ही घरांतली यंत्रं बाहेरून आलेली होती, कुणाचा भाऊ आखाती देशात, कुणाचा जावई मुंबईत.

आमचं यंत्र 2007 मध्ये मामूंनी दुबईहून आणलं. चांदीच्या रंगाचं, हलकं, पुढे छोटा पडदा. कंपनीचं नाव इथे सांगत नाही, कारण पुढे जे झालं ते केवळ आमच्या नशिबाचं असू शकतं. आल्या दिवशीच खालाजानने आणलेली सिनेमाची एक डिस्क त्याने नाकारली. दुबईचं यंत्र विभाग 2 चं आणि भारत विभाग 5 मध्ये. कंपन्यांनी जग असं वाटून घेतलं होतं. आपल्याकडच्या बऱ्याचशा डिस्क सगळ्या विभागांत चालणाऱ्या असत, म्हणून पुढे फारसं अडलं नाही. पण खालाजानने पहिल्याच दिवशी निकाल दिला, "नखरेवाली मशीन है."

अब्बांना बातम्या आणि क्रिकेट टिपून ठेवायची हौस होती. अम्मीला मात्र ते यंत्र एकाच कामासाठी हवं होतं, आणि ते काम तिने मामूंना टेलिफोनवर स्पष्ट सांगितलं होतं. आपाच्या लग्नाची कॅसेट.

लग्न मे 1999 मधलं. मी तेव्हा बारा वर्षांची. आमच्या घरात शूटिंग करावं की नाही यावरच आठवडाभर वाद चालला होता. दादाजान म्हणत होते, तस्वीर कशाला? अब्बा म्हणत होते, एकदाच तर लग्न. शेवटी असं ठरलं की मर्दानी बाजूला शूटिंगवाला आणि जनानखान्यात कुणी परका नाही. मग जनानखान्यात कॅमेरा कोण धरणार? मामूंचा मुलगा, पंधरा वर्षांचा. शूटिंगवाल्याने त्याला लाल बटण दाखवलं आणि तो खांद्यावरचा मोठा कॅमेरा, ज्यात पूर्ण आकाराची व्हीएचएस कॅसेट बसायची, त्याच्या हवाली केला.

त्या काळी शूटिंगवाला कॅसेट घेऊन जायचा. तीवर फुलांच्या चौकटी, उडणारे हृदय, सिनेमाची गाणी चढवायचा आणि महिना-दीड महिन्याने 'मिक्सिंग' करून द्यायचा. मर्दानी बाजूची कॅसेट तशीच तयार झाली. जनानखान्याची कॅसेट अम्मीने त्याच रात्री कॅमेऱ्यातून काढून घेतली. शूटिंगवाला म्हणाला, मिक्सिंग केल्याशिवाय मजा नाही येणार. अम्मी म्हणाली, "मजा नई चाहिए मेरे कू. परायों के हाथ में बच्चियों के चेहरे नई जाने के."

हे वाचून कुणाला अम्मी फार जुन्या विचारांची वाटेल. मला ती तशी वाटत नाही. दुकानात दिलेल्या कॅसेटची एक नक्कल तिथेच राहते, ती नमुना म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवली जाते, अशी बोलणी त्या काळी सगळ्याच मोहल्ल्यांत होती, आपल्याच नव्हे. शूटिंगवाला त्याच्या कामाचा नमुना दाखवणारच. पण त्या नमुन्यात आपली मुलगी उघड्या डोक्याने मेंदी लावून बसली आहे, हे तिला कोण सांगणार? आज मोबाईलवरचा फोटो कुठे कुठे फिरतो याची चिंता आपण सगळेच करतो. अम्मी ती चिंता 1999 मध्ये करत होती, एवढंच.

घरचा रेकॉर्डर आल्यामुळे कॅसेट घराबाहेर न नेता तिची डिस्क करता येणार होती. व्हीसीआर आमच्याकडे होताच. पिवळी, लाल आणि पांढरी तार जोडायची, इकडे कॅसेट लावायची, तिकडे बटण दाबायचं.

पहिल्या प्रयत्नाला पडद्यावर इंग्रजीत पाटी आली, की या कार्यक्रमाची नक्कल करण्यास मनाई आहे. आमच्याच घरचं लग्न, आमचीच कॅसेट, आणि यंत्र म्हणतं मनाई! अम्मी घाबरली, तिला वाटलं दादाजानचीच बात खरी. कारण निराळं होतं. सिनेमाच्या कॅसेटमध्ये नक्कल होऊ नये म्हणून कंपन्या चित्राच्या संकेतात मुद्दाम खोट घालत. रेकॉर्डर ती खोट ओळखून थांबायचा. जुन्या, ताणलेल्या कॅसेटचा संकेतही तसाच डळमळतो, आणि बिचारं यंत्र त्याला चोरी समजतं. व्हीसीआरचं हेड स्पिरिटने पुसलं, कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घेतली, तेव्हा ते राजी झालं.

मग प्रश्न दर्जाचा. एका डिस्कवर एक तास, दोन तास, चार तास किंवा सहा तास, जसं हवं तसं. डिस्क तीच 4.7 जीबीची. तास वाढवले की चित्राच्या वाट्याला येणारी जागा कमी होते. जेवणाच्या पंगतीसारखं आहे, पातेलं तेवढंच, पाहुणे वाढले की वाढप पातळ. आमची कॅसेट पावणेदोन तासांची, म्हणून दोन तासांची पट्टी लावली. त्यातही जिथे पोराचा हात हलला, जिथे दुपट्ट्यांची जर चमकली, तिथे चित्र चौकोन-चौकोन फुटलं. मुळातली मुंग्या आल्यासारखी खरखरही यंत्र मोठ्या इमानदारीने टिपायला जातं, आणि त्यातच त्याची जागा संपते. आखून-रेखून बसलेल्या बायकांचे चेहरे छान आले. नाचणाऱ्या मुलींचे आले नाहीत.

खरा शत्रू मात्र भारनियमन होतं. त्या वर्षांत आमच्याकडे दिवसाकाठी कित्येक तास वीज नसायची, आणि आसपासच्या खेड्यांत तर दहा-बारा तास. रेकॉर्डर डिस्कवर चित्र लिहीत जातो आणि काम संपल्यावर शेवटी त्याचा हिशेब, म्हणजे कुठे काय आहे याची अनुक्रमणिका लिहितो. मधेच वीज गेली की अनुक्रमणिका राहते, आणि अनुक्रमणिकेविना डिस्क म्हणजे पानं फाटून विखुरलेली किताब. आमच्या दोन डिस्क अशा गेल्या. तिसरी अम्मीने पहाटे फजरनंतर करायला लावली. तेव्हा वीज टिकायची. अब्बांनी इन्व्हर्टर घेतला होता, पण वीज जाऊन इन्व्हर्टर चालू होण्यात जो क्षणाचा खंड पडतो तेवढ्यातही यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. पंख्याला तो खंड कळतही नाही.

पुढे बी.एड. करून मी मलकापूरला उर्दू हायस्कूलमध्ये रुजू झाले. तिथे शिक्षककक्षात एकदा विषय निघाला, तेव्हा कळलं की ज्यांच्या घरी रेकॉर्डर होता त्या प्रत्येकाची कहाणी वेगळी आहे. एका सरांनी 24 सप्टेंबर 2007 चा जोहान्सबर्गचा भारत-पाकिस्तान अंतिम सामना सहा तासांच्या पट्टीवर घेतला होता. भारत पाच धावांनी जिंकला, पण त्यांच्या डिस्कवर चेंडू दिसतच नाही, नुसते फलंदाजाचे हात फिरतात. एका मॅडमच्या सासरी आत हार्डडिस्क असलेलं महागडं यंत्र होतं. शंभर तासांवर रेकॉर्डिंग साठलं आणि एक दिवस हार्डडिस्कच बसली. काढून संगणकाला जोडली, तर संगणक ती वाचेना, कारण त्या यंत्राची भाषा त्या यंत्रालाच कळते. तिसऱ्या एकांनी आपल्या मित्राकडे डिस्क दिली आणि ती मित्राच्या प्लेअरवर चालली नाही. रेकॉर्डिंग झाल्यावर डिस्क 'फायनलाइज' करावी लागते, नाही तर ती जिथे जन्मली त्याच घरात चालते, हे माहितीपुस्तकात सत्तेचाळिसाव्या पानावर लिहिलेलं असायचं. फक्त एका सरांचं यंत्र वर्षानुवर्षं चाललं. ते एकाच पुसता येणाऱ्या डिस्कवर बायकोच्या मालिका घ्यायचे, बघून झालं की पुसायचे. जपून ठेवायचं काही नसलं की यंत्र भरवशाचं वाटतं. 2015 ते 2017 च्या दरम्यान लहान शहरांतही केबल डिजिटल झाली, सेट-टॉप बॉक्स आले, आणि त्यांच्या यंत्रातला चॅनेल पकडणारा भाग निकामी झाला.

आमचं यंत्र तोवर टिकलं नाही. 2009 च्या उन्हाळ्यात ते चालू होईना. खामगावच्या मेकॅनिकने खोललं, फुगलेले दोन कपॅसिटर बदलले, अगदी थोडे पैसे घेतले, आणि ते उठून बसलं. पण वर्षभरात प्रत्येक डिस्कला नकार देऊ लागलं. डिस्क लिहिणारी लेसर वाचणाऱ्या लेसरपेक्षा कितीतरी जास्त ताकदीने जळते, तशीच ती लवकर थकतेही. अकोल्याच्या दुरुस्ती केंद्रात अब्बा दोनदा जाऊन आले. उत्तर एकच, हे मॉडेल भारतात विकलंच गेलेलं नाही, सुटा भाग येणार नाही. नवं घ्या. मला राग यायचा तो याचा. पैसे मोजून घेतलेली वस्तू एका भागासाठी भंगारात काढायची? पण अब्बा शांत होते. म्हणाले, "काम तो कर दिया उसने."

काम केलं होतं, असं आम्ही समजत होतो. अम्मीचं 2013 मध्ये इंतकाल झालं. चाळिसाव्यानंतर आपाने ती डिस्क लावायला सांगितली. अम्मीचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. तिच्याजवळ साधा बटणांचा मोबाईल होता, त्यात कुणी काही रेकॉर्ड केलं नव्हतं. डिस्क सुरू झाली, अर्ध्या तासाच्या आसपास थबकली, पुढे सरकेना. दुसऱ्या प्लेअरवर तेच, संगणकावरही तेच. डिस्क वर माडीवरच्या लोखंडी कपाटात होती, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा 44-45 वर जातो. लिहिण्याच्या डिस्कमध्ये रंगाचा एक पातळ थर असतो. लेसर त्यावरच खुणा करते. ऊन आणि उष्णता त्याच थराला खातात. कॅसेट म्हातारी होते तेव्हा हळूहळू धूसर होते, माणसासारखी. डिस्क काल चालते आणि आज नाही.

कॅसेट मात्र खालच्या खोलीत अम्मीच्या पेटीत, तिच्या लग्नाच्या शालूत गुंडाळलेली होती. आमचा व्हीसीआर मोडून गेला होता. भाईजान म्हणाले, शहरात दुकान आहे, एका दिवसात पेनड्राइव्हमध्ये करून देतात. आपाने नकार दिला. अम्मी नाही म्हणून तिची अट संपली का, यावर बहीण-भावांत बरंच बोलणं झालं. मी आपाच्या बाजूने होते. त्यात माझाही चेहरा आहे, बारा वर्षांचा, आणि शिवाय ज्या बायका त्यात आहेत त्यांना आता कोण विचारणार? काही हयात नाहीत.

व्हीसीआर शोधायला वेळ लागला. जगात शेवटचा व्हीसीआर जपानच्या फुनाई कंपनीने जुलै 2016 मध्ये बनवला, त्यानंतर आहेत ते जुनेच. 2019 मध्ये एका माजी विद्यार्थ्याच्या घरी माळ्यावर एक निघाला. संगणकाला जोडायची छोटी डबी आणि तार मी मागवली. कॅसेटवर एका कडेला पांढरी बुरशी होती, ती मऊ कपड्याने पुसली. मे महिन्याच्या सुट्टीत, दार लावून, मी आणि आपा दोघीच बसलो. या वेळी वीज गेली नाही.

डिस्क जिथे थबकत होती तिथे काय आहे ते आता दिसलं. कॅमेरा जेवणाच्या दस्तरखानावर आहे, डळमळतो आहे. अम्मी दिसत नाही, कॅमेऱ्याच्या मागे कुठेतरी उभी आहे. तिचा आवाज येतो, "बेटा, रख दे अब उसकू. पहले खाना खा ले." मग चित्र खाली झुकतं, जमिनीवरची सतरंजी दिसत राहते, आणि पुढची चार-पाच मिनिटं कॅमेरा तसाच चालू आहे. भांड्यांचा आवाज, बायकांचं हसणं, आणि मधून मधून अम्मी कुणाला ना कुणाला वाढते आहे.

ती फाईल दोन हार्डडिस्कवर आहे, एक माझ्याकडे, एक आपाकडे. दर दोन-तीन वर्षांनी नव्या हार्डडिस्कवर उतरवायची असं ठरलं आहे. आपा ती मोबाईलवर कुणाला पाठवू देत नाही. भाचीने ग्रुपवर टाकण्याची परवानगी मागितली, तेव्हा आपा म्हणाली, बघायची तर घरी ये, मी चहा करते. गेल्या ईदला त्या बघायला अकरा जणी आल्या होत्या.