कडक शॉकअपवरचा माझा विश्वास

शॉकअप जितका कडक तितकी गाडी पक्की, असं मी कित्येक वर्षं मनापासून मानत होतो आणि विचारणाऱ्याला तसा सल्लाही देत होतो. विरारजवळच्या आमच्या नंदाखालमध्ये असं मानणारा मी एकटा नाही. इथल्या वाड्यांमधून पहाटे निघणाऱ्या मोटारसायकलींच्या मागे काय काय बांधलेलं असतं ते पाहिलं, की हा समज कुठून आला ते कळतं. राजेळी केळ्यांचे घड, भाजीच्या गोणी, पहिल्या लोकलने दादरला जाणारे फुलांचे गठ्ठे. एवढ्या वजनाखाली शॉकअप पार बसतो, मडगार्ड टायरला घासतं. मग माणूस शॉकअपच्या बुडाची कडी फिरवून शेवटच्या खाचेत नेतो. स्टेशनवर ओझं उतरतं, कडी मात्र तिथेच राहते, वर्षानुवर्षं.

आमची गाडी हिरो होंडाची स्प्लेंडर. हे मॉडेल 1994 साली आलं. आमच्या गाडीचा नंबर एमएच-04, म्हणजे वसईला स्वतःचा एमएच-48 मिळण्याआधीचा. वडिलांनी ती वाडीच्या कामासाठी घेतली आणि तिने ते काम इमानाने केलं. आता मी ती विरार स्टेशनपर्यंत नेतो, मागे बहुतेक वेळा कुणीही नसतं. गेल्या काही वर्षांत ती हँडलला विचित्र झाली होती. वेग पन्नाशीकडे गेला, की हँडलात बारीक थरथर यायची. आगाशीच्या बाजूच्या वळणांवर पुढचं चाक वळायचं आणि मागचा भाग क्षणभर उशिरा मागोमाग यायचा. जंक्शनवरच्या पेव्हर ब्लॉकवर तर गाडी दोन-दोन बोटं बाजूला सरकायची.

माझ्या मते उपाय उघड होता. सगळं घट्ट करायचं. मागची कडी शेवटच्या खाचेत होतीच. हँडलचा कोन, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेरिंग, आवळून घेतला, आणि पुढच्या फोर्कात पातळ फोर्क ऑइलऐवजी इंजिनचं जाड तेल घातलं, जे इथे अनेक जण घालतात. थरथर खरंच कमी झाली. पण तिच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. आता अख्खी गाडी संथपणे डावी-उजवीकडे झोके घेत चालायची, आणि हे मला पहिल्या थरथरीपेक्षा जास्त भीतीदायक वाटलं. बोळींजकडच्या एका जुन्या मेकॅनिककाकांना दाखवलं. त्यांनी गाडी चालवूनसुद्धा पाहिली नाही. म्हणाले, "हँडल हलतंय म्हणून हँडलच धरून बसू नकोस. आधी मागून बघ. आणि जे जे आवळलंयस ते सैल करून ये."

ते वाक्य मला पटायला वेळ लागला. पटलं ते वाचल्यावर, आणि वाचलेलं गाडीवर हाताने तपासून पाहिल्यावर.

कडी फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, ही यातली पहिली गोष्ट. स्प्रिंग तीच असते. दहा किलोला जेवढी दबायची तेवढीच दबते, फक्त आधीच थोडी दाबून बसवलेली असल्यामुळे दबायला सुरुवात उशिरा होते. म्हणजे गाडीची मागची बाजू उंच राहते, एवढाच बदल. पण या उंचीचे दोन परिणाम आहेत आणि दोन्ही माझ्या गाडीवर दिसत होते. एकट्या माणसाच्या वजनाखाली शॉकअप जवळजवळ पूर्ण ताणलेला राहतो, त्यामुळे चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जागाच उरत नाही. खड्डा आला की टायर हवेत. दुसरा परिणाम पुढे होतो. हँडलाच्या दांड्याची रेषा जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर टेकतं त्या जागेच्या थोडी पुढे पडते. टायर त्या रेषेमागून ओढत येतं आणि म्हणूनच चाक आपोआप सरळ राहतं. मागची बाजू उचलली की दांडा उभा होतो, हे अंतर कमी होतं, आणि हँडल हलकं लागतं. थरथर पुढे होती. तिचं एक कारण मी स्वतःच्या हाताने मागे घालून ठेवलं होतं.

झोक्यांचं कोडं रॉबिन शार्प या ब्रिटिश अभियंत्याच्या 1971 सालच्या शोधनिबंधाने सुटलं. मोटारसायकलच्या स्थैर्याचं गणित मांडताना त्यांनी डोलण्याचे प्रकार वेगळे केले. पुढच्या चाकाची जलद थरथर, सेकंदाला साधारण सात-आठ हेलकाव्यांची, हा एक. अख्खी गाडी संथ नागमोडी जाते, सेकंदाला दोन-तीन वेळा, हा दुसरा. आणि हँडलाला रोध वाढवला तर पहिला प्रकार दबतो पण दुसरा बळावतो, असं त्यांच्या गणितातून निघालं. घट्ट आवळलेला कोन हँडलाला रोधच करतो. माझ्या गाडीने पन्नास वर्षांपूर्वीचं ते गणित विरारच्या रस्त्यावर जसंच्या तसं करून दाखवलं, याचं मला आजही नवल वाटतं.

तिसरी गोष्ट तेलाची, आणि माझं मत खऱ्या अर्थाने बदललं ते इथे. स्प्रिंग गाडी उचलून धरते, पण तिच्यात साठलेला जोर ती परत फेकते. तो फेकलेला जोर जिरवायचं काम तेलाचं. बारीक छिद्रांतून तेल ढकललं जातं, त्याची उष्णता होते, उसळी मरते. जुन्या गाडीत स्प्रिंग सहसा शाबूत असते, तेल मेलेलं असतं. मग सीट दोन्ही हातांनी दाबून सोडली की ती एकदा वर येऊन थांबण्याऐवजी दोन-तीनदा वरखाली होते. आमच्या गाडीचे मागचे दोन्ही शॉकअप असेच होते, त्यातला डावा जास्त. त्याच्या दांड्यावर तेलकट धूळ चिकटलेली होती. म्हणजे आतलं तेल केव्हाच बाहेर आलं होतं, आणि मी मात्र कडी फिरवत बसलो होतो.

पुढे नेमकं उलट झालं होतं. जाड तेलामुळे फोर्क दबला की परत वर यायला उशीर लावायचा. पेव्हर ब्लॉकसारख्या लागोपाठ धक्क्यांवर तो वर येण्याआधीच पुढचा धक्का बसायचा, आणि फोर्क दर धक्क्याला आणखी खाली जाऊन शेवटी दगडासारखा व्हायचा. हाताला कडक लागणारं ते हँडल मला पक्कं वाटत होतं. टायर मात्र रस्ता सोडत होतं. शॉकअप पाठीच्या आरामासाठी असतो, असं आपण धरून चालतो. त्याचं मुख्य काम टायर जमिनीला चिकटवून ठेवणं आहे, आणि ब्रेक असो, वळण असो, सगळं त्या तळहाताएवढ्या टेकलेल्या रबरावर चालतं.

आता कुणी जुनी गाडी घेऊन आलं की मी शॉकअपला शेवटी हात लावतो. आधी हवा आणि टायर. मधोमध झिजून सपाट झालेलं टायर गाडीला सरळ चालताना काही करत नाही, पण झुकवायला गेलं की कडेवर चढताना ती एकदम पडल्यासारखी वाटते. मग गाडी डबल स्टँडवर घेऊन मागचं चाक टोकाला धरून आडवं हलवायचं. इथे घाई करू नये. एका हाताचं बोट चिमट्याच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, बुशपाशी ठेवायचं, दुसऱ्या हाताने चाक ढकलायचं. खट् असं बोटाखाली लागलं तर चिमट्याचा बुश गेला, चाकाच्या मध्याशी लागलं तर बेरिंग. आमच्या गाडीत ते बोटाखाली लागलं. वळणावर मागचा भाग उशिरा का यायचा, त्याचं उत्तर त्या एका खट् मध्ये होतं. आपल्याकडच्या पावसात चिमट्याचा बोल्ट गंजून अडकतो, त्यामुळे गॅरेजमध्ये तो खोलायला सहसा कुणी राजी नसतं, आणि बुश वर्षानुवर्षं तसाच राहतो.

कोनाची परीक्षा पुढचं चाक उचलून. हँडल एका बोटाने या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवायचं. मधोमध, अगदी सरळ दिशेला, ते खाचेत बसल्यासारखं अडलं तर गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडले आहेत. असा कोन आवळून उपयोग नाही, अख्खा सेट बदलावा लागतो. माझा तसाच निघाला, आणि मी तो दोन वेळा आवळून घेतला होता. चेन ताणताना चिमट्यावरच्या खुणांवरही पूर्ण भरवसा ठेवू नये. जुन्या गाडीत दोन्ही बाजूच्या खुणा जुळल्या तरी चाक तिरकं असू शकतं. मागच्या टायरला सुतळी लावून ती पुढच्या चाकापर्यंत ताणून पाहिली की खरं काय ते दिसतं.

ओझ्याच्या बाबतीत माझं जुनं मत मी सोडलेलं नाही. घड बांधायचे असतील तर कडी वर न्यायलाच हवी, पण ओझं उतरलं की पाना काढून ती खाली आणायला हवी. ओझं मागच्या चाकाच्याही मागे लोंबत असेल तर पुढचं चाक हलकं होतं, हँडल थरथरतं. ते कडी फिरवून थांबत नाही, ओझं पुढे आणि खाली घेतलं की थांबतं.

एका बाबतीत माझं मत अजून ठरत नाही. समुद्र इथून जवळ आहे, आणि खाऱ्या हवेने फोर्कच्या पाइपवर गंजाचे बारीक ठिपके पडतात. ते ठिपके नवं ऑइल सील कापतात, तेल पुन्हा गळायला लागतं. काका म्हणतात पाइपच बदल, मी अजून जुने घासून वापरतोय. जुन्या गाड्यांना असायचे तसे रबरी बूट यंदा पाइपवर चढवले आहेत. गणपतीनंतर ते उचलून सील कोरडं आहे का ते पाहीन, आणि नसेल तर पाइप मागवीन.