नस भेटते तेव्हा

“ताई, माही नस लवकर भेटत नाही जी.” सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला आलेली माणसं बाही वर सारतानाच हे सांगून टाकतात. आमच्या नागपूरकडे वस्तू मिळत नाही, भेटते. तशी नसही भेटते. २२ वर्षं रक्ताचे नमुने काढल्यावर या कामाला याहून नेमका शब्द मला ठाऊक नाही.

सुरुवातीला मी डोळ्यांवर विसंबायची. एका आजींच्या हाताच्या पाठीवर फुगलेली, हिरवीनिळी नस दिसली आणि मी सरळ सुई लावली. नस बाजूला सरकली. दुसऱ्यांदा टोचलं तर कातडीखाली रक्त पसरून जांभळा डाग उठला. आजी हुं की चूं करेनात, त्याचाच मला त्रास झाला. वयानं कातडी पातळ होते, खालची चरबी झिजते, म्हणून नस उघडी पडते. पण तिला धरून ठेवणारा आधारही तेव्हाच सैल झालेला असतो.

मग मी बोटाला शिकवलं. दंडाला पट्टा बांधायचा, तो मिनिटाच्या आत सोडायचा. तेवढ्यात तर्जनीनं कोपराचा खळगा चाचपायचा. चांगली नस दाबली की लगेच वर उसळते. दोरीसारखी कडक लागली तर ती निबर झालेली. ठोके लागले तर ती धमनी, तिथून बोट काढायचं. भरलेल्या, सावळ्या हातावर कित्येकदा काहीच दिसत नाही आणि बोटाखाली मात्र टपोरी नस असते.

कळमन्याच्या बाजारात पोती वाहणाऱ्या हमालाचे हात पाहा. अंगावर चरबी कमी, स्नायू भरलेले, त्यांनी नसा वर लोटलेल्या, त्यात उन्हाळा. शरीर उष्णता बाहेर टाकायला कातडीकडे जास्त रक्त पाठवतं, नसा फुगतात. पण त्याच मे महिन्यात ४५ अंशांतून पाणी न पिता आलेल्या माणसाच्या नसा चपट्या झालेल्या असतात. त्याला मी आधी माठातलं पाणी देते, मग सुई हातात घेते.

“नसा निळ्या दिसतात, रक्त खराब आहे का?” हा नेहमीचा प्रश्न. मी भरलेली नळी दाखवते: रक्त गडद लालच असतं. प्रकाशातला तांबडा भाग कातडीत खोल जातो आणि नसेतलं रक्त तो शोषून घेतं. भोवतालच्या कातडीच्या मानानं तिथून तांबडं कमी परततं, म्हणून ती रेघ निळसर भासते. नसा दिसतात म्हणून रक्त कमी, असंही नाही. ते हिमोग्लोबिन तपासूनच कळतं. मात्र पायाच्या नसा वेड्यावाकड्या फुगून दुखत असतील, एकच पाय अचानक सुजला असेल, किंवा पोटावर-छातीवर नव्यानं नसा उमटल्या असतील, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

नसेतलं रक्त कुठल्या दिशेनं जातं, ते स्वतःच्याच हातावर पाहता येतं. हात खाली सोडा. मनगटाजवळच्या नसेवर एक बोट दाबून धरा, दुसऱ्यानं नस कोपराकडे निपटत न्या आणि ते बोट उचला. वरचं रक्त नसेतल्या झडपेपाशी अडतं, मधला तुकडा रिकामाच राहतो. खालचं बोट उचललं की तो भरतो. विल्यम हार्वे यांनी १६२८ च्या आपल्या ग्रंथात असाच प्रयोग दाखवून रक्त नसांतून हृदयाकडेच जातं, हे पटवलं.

विदर्भात सिकलसेलची मुलं पुष्कळ. त्यांचे रक्ताचे लाल कण विळ्यासारखे वाकतात, आणि पुन्हापुन्हा सलाईन, रक्त चढवून हाताच्या नसा थकून जातात. अशीच एक नऊ वर्षांची मुलगी माझ्यासमोर बसली. मी दोन्ही हात चाचपले, काही लागेना. तिनं माझं बोट धरलं, डाव्या मनगटाच्या कडेला नेऊन टेकवलं आणि म्हणाली, “इथं भेटते.”

कातडीवर काहीच दिसत नव्हतं. बोटाखाली नस उसळली.