धर्मासन आणि सिंहासन

धर्मकार्याचा अधिकार आणि राज्याचा अधिकार यांच्यामध्ये एकच उंबरठा असतो. तो ओलांडताना माणसाच्या अंतःकरणात काय घडत असेल, हा प्रश्न हैदराबादेत राहणाऱ्या मजसारख्या मराठी ख्रिस्ती माणसास वारंवार पडतो. कारण या नगरीच्या इतिहासात त्याची दोन उत्तरे शेजारी शेजारी उभी आहेत.

पहिला पुरुष ख्वाजा आबिद. मध्य आशियातील हा विद्वान सरदार बुखाऱ्यास काजी होता. हिंदुस्थानात आल्यावर औरंगजेबाने त्यास 'सद्र', म्हणजे धर्मादाय जमिनी व वर्षासने यांचा प्रमुख अधिकारी, नेमले. पुढे किलीच खान या किताबाने तो सेनापती म्हणून वावरला आणि १६८७ साली गोवळकोंड्याच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून मरण पावला. त्याचा नातू निजाम-उल-मुल्क. बादशहाने दख्खनची सुभेदारी मुबारिझ खानास दिली, तेव्हा १७२४ साली बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे या नातवाने त्याच्याशी लढाई केली. खान पडला आणि दख्खन नातवाच्या हाती आले. चौथाईसाठी मराठे मात्र त्याच्याशी झुंजतच राहिले. आजोबांच्या धर्मपदापासून निघालेले हे घराणे १९४८ पर्यंत सत्तेवर होते.

दुसरा पुरुष त्याच वेढ्यात तटाच्या आत होता. अबुल हसन तानाशहा हा कुतुबशाही राजघराण्याचा आप्त. पण तारुण्याची वर्षे त्याने शाह राजू या सूफी सत्पुरुषाच्या सेवेत काढली. पुढे तो सुलतानाचा जावई झाला आणि १६७२ साली थोरल्या जावयाशी झालेल्या वादातून, सरदारांच्या पाठिंब्याने, गादीवर बसला. आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर फितुराने दार उघडले. शत्रू महालात शिरले तेव्हा त्याने शांतपणे भोजन मागविले, असे इतिहासकार खाफीखान सांगतो. उरलेले आयुष्य त्याने देवगिरीच्या किल्ल्यात कैदेत घालविले. त्याची कबर खुलदाबादेस आहे.

हा मोह इतरांचाच, असे आपण ख्रिस्ती लोकांनी मानू नये. गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस हे उमराव घराण्यातले. १६०७ ते १६०९ पर्यंत त्यांनी गव्हर्नरपदही सांभाळले. उलटपक्षी संत अँब्रोज मिलानचा राज्यपाल असता, ३७४ साली लोकांनी त्यास बिशप निवडले आणि त्याने आपले धन गोरगरिबांस वाटून टाकले. उंबरठा तोच, पाऊल मात्र उलट दिशेने पडले.

वाचकहो, हे सारे आठवण्यास कारण घडले आहे. आमच्या धर्मग्रामातील एका मंडळाच्या अध्यक्षपदासाठी माझे नाव पुढे आले आहे. दुसरे नाव माझ्या जुन्या स्नेह्याचे. दोन्हींकडची माणसे मते मोजू लागली आहेत. पूर्वी मिस्सानंतर अंगणात एकत्र उभी राहणारी कुटुंबे आता वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडतात. पद लहान आहे, परंतु मन दुभंगण्यास तेवढेही पुरते. मंडळाकडे दरमहा विधवांना व शाळकरी मुलांना साहाय्य देण्याचे काम आहे. ते कोणीतरी केलेच पाहिजे, म्हणून सरळ माघार घेणे हाही निर्मळ मार्ग वाटत नाही.

मी स्नेह्याच्या घरी जाणार आहे. ज्याच्या घरास या कामासाठी अधिक वेळ आहे त्याने पद घ्यावे, दुसऱ्याने दर रविवारी त्याच्यासोबत हिशेबाची वही लिहावी, असे त्यास सुचवीन. तो मान्य करील की नाही, हे ठाऊक नाही. परंतु प्रभूने शिष्यांचे पाय धुतले ते अधिकार सोडून नव्हे, अधिकार असतानाच. अबुल हसनाच्या हातून सिंहासन गेले, तरी दरग्यात शिकलेली शांती गेली नाही. माणसाजवळ अखेर उरते ते गादीवर बसण्यापूर्वी कमावलेलेच.