आठव्या दिवशी काय?

आषाढ शुद्ध नवमीला आमच्या घरी कांद्याचा सण असायचा. कांदेनवमी. मध्ये दशमी, मग आषाढी एकादशी, आणि तिथून चार महिने कांदा, लसूण, वांगं बंद. म्हणून त्यांना आधी यथासांग निरोप: खेकडा भजी, कांद्याची थालीपीठं, भरली वांगी. बाहेर पागोळ्या गळत असायच्या आणि स्वयंपाकघरात तळणाचा धूर कोंदलेला असायचा. चातुर्मास सगळ्यांत कडक पाळायची ती आजी, आणि त्या दिवशी सगळ्यांत जास्त भजी खायचीही तीच. कांदा वाईट म्हणून ती सोडत नव्हती. आवडता होता म्हणून सोडत होती. कार्तिकात तो परत ताटात येणार, हेही ठरलेलं असायचं.

पुढची एकादशी म्हणजे दुप्पट खाशी, हे खरंच. त्यातही गंमत अशी की आपल्या सोवळ्या फराळातले साबुदाण्याचा कंद, शेंगदाणे, बटाटे, रताळी, मिरच्या, सगळे मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज जहाजांतून आलेल्या या पाहुण्यांना आपण पाटावर बसवलं आणि बिचारी वरी कोपऱ्यात गेली. असो.

डिटॉक्सची भाषा निराळी आहे. तिच्यात निरोप नाही, खटला आहे. साखर विष, गहू विष, दूध विष, चहा तर विचारूच नका. आणि शरीर म्हणजे तुंबलेली मोरी, जिच्यात काहीतरी हिरवं ओतलं की सगळं वाहून जाईल. कोणतं विष, असं विचारलं तर नाव मिळत नाही.

माझी भाची बाणेरला राहते. गेल्या उन्हाळ्यात तिने सात दिवसांचं पॅकेज मागवलं. रोज सकाळी दाराशी बर्फाच्या पिशवीत सहा बाटल्या. एकीत बीट-गाजर, एकीत पालक, सफरचंद आणि आलं, एकीत अननस, रात्रीची बदामाच्या दुधाची. खिडकीत ओळीने मांडल्या की मागून ऊन यायचं आणि त्या इतक्या सुंदर दिसायच्या की प्यायचा मोह मलाही झाला. सोबत गुळगुळीत कागद: किती वाजता कोणती बाटली. सातव्या दिवसाखाली ‘अभिनंदन!’ आणि कागद संपला. मी उलटूनही पाहिला. मागे पुढच्या पॅकेजवरची सवलत होती.

तिसऱ्या दिवशी काटा दीड किलोने खाली आला. यकृतात आणि स्नायूंत साखरेची शिल्लक असते, ग्लायकोजेन नावाची; ती प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून बसते. खाणं तुटलं की आधी ही शिल्लक मोडते आणि तिचं पाणी निघून जातं. पुन्हा पोळीभाजी जेवायला लागलं की परत येतं. भाचीला मी हे सांगितलं नाही. ती काट्यावर उभी राहून नाचायची बाकी होती.

विषाचंच म्हणाल, तर आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला जेमतेम दीड-दोन लिटर बाहेर टाकतात. बाकी सगळं पाणी, मीठ, साखर निवडून परत रक्तात घेतात. म्हणजे शरीर स्वतःची सफाई करतं तेव्हाही टाकण्याचं काम थोडं आणि परत घेण्याचंच फार. यकृत अमोनियाचा युरिया करतं, सकाळच्या चहातलं कॅफिन रात्रीपर्यंत बरंचसं मोडतं. बाटलीतल्या पालकाने यात नेमकी कोणती मदत करायची, ते मला अजून कळलेलं नाही.

रसाचा एक धोका मात्र आपल्या जुन्या स्वयंपाकघराला ठाऊक होता. आई दुधी चिरताना पहिला तुकडा जिभेवर ठेवायची. कडू निघाला तर अख्खा दुधी टाकून द्यायची, पैशाचा विचार न करता. त्या कडवटपणात कुकुर्बिटासिन नावाचं खरंखुरं विष असतं. २०१० मध्ये दिल्लीत एक शास्त्रज्ञ दुधी-कारल्याचा कडू रस पिऊन दगावले, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेला त्यावर तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. कारल्याच्या संगतीत दुधीचा कडूपणा कळणार कसा? आणि औषध म्हणून प्यायला घेतलेल्या पेल्यात कडू चव तर गुणाचीच वाटते. बागेबाहेर पहाटे स्टीलच्या पिंपांतून हिरवे पेले भरले जातात तेव्हा माझी जीभ आपोआप दाताखाली जाते.

लहानपणी आम्हालाही झडझडून साफ केलं जायचं. सुट्टीत एखाद्या सकाळी आल्याच्या गरम चहात एरंडेल. नाक दाबून पेला रिकामा करायचा. ओठांवरचा तो चिकट थर पदराने पुसला तरी जायचा नाही. आतड्याला चिथावण्यापलीकडे त्याने काही साधत नसावं, आणि आजचे बालरोगतज्ज्ञ त्याला हातही लावू देणार नाहीत. पण माझ्या आठवणीत तो दिवस एरंडेलाचा नाहीच. तो संध्याकाळच्या भाताचा आहे. रिकामं, हलकं, किंचित थरथरतं पोट घेऊन आम्ही भावंडं भिंतीला टेकून बसायचो. आंबेमोहोराचा गुरगुट्या भात, त्यावर मेतकूट, तुपाची धार, कडेला मीठ. आजी म्हणायची, “सावकाश रे, पोट आत्ताच उठलंय.” तो पहिला घास गिळताना अन्न कुठून कुठे जातं ते कळत असे. दुसऱ्यांदा वाढायला ती नकार द्यायची. त्या नकाराचा राग यायचा, पण त्यातच सगळं शास्त्र होतं.

पंचकर्म करणारे वैद्य याला संसर्जन क्रम म्हणतात. वमन किंवा विरेचन झालं की लगेच जेवण नाही. आधी पेज, मग घट्ट पेज, मग मुगाचं कढण, असं करत तीन, पाच किंवा सात दिवसांनी माणूस आपल्या ताटाशी येतो. मला पंचकर्माच्या सगळ्या दाव्यांची खात्री नाही, पण या परतीच्या वाटेवर खर्च केलेलं डोकं मला फार शहाणं वाटतं. येरवड्याच्या पर्णकुटीत १९३३ च्या मे महिन्यात गांधीजींनी एकवीस दिवसांचा आत्मशुद्धीचा उपास केला, तो सुटला संत्र्याच्या रसाने. ती शुद्धी यकृताची नव्हती, अस्पृश्यतेविरुद्धच्या कामासाठी मनाची होती, हे वेगळं सांगायला नको. दीर्घ उपाशी माणसाला एकदम पोटभर वाढलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत शिरतं, हृदयाची लय बिघडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेली माणसं अशी अन्न मिळाल्यावर गेली आहेत. सात दिवसांच्या रसाने कुणाचं एवढं होत नाही. पण वजन उतरवून देणारे सगळे जण उतरणीपर्यंतच सोबत येतात.

सातव्या रात्री भाचीचा फोन आला. “मावशी, संपलं! उद्या ऑफिसात सगळ्यांना मिसळ देतेय मी.”

“आधी सकाळी कढण घे,” मी म्हटलं. “दुपारी भात. मिसळ परवा.”

“कढण डिटॉक्समध्ये चालतं?”

“अगं, डिटॉक्स संपलं ना?”

तिने मिसळच खाल्ली, वर जादा तर्री मागून. दुपारी तीनच्या सुमारास मेसेज आला: ते कढण कसं करतात गं? मी लिहून पाठवलं. अर्धी वाटी सालीची मूगडाळ, तीन वाट्या पाणी, शिजली की घोटून घे, जिरं, किंचित सुंठ, मीठ. तूप अर्धा चमचा घालच, कागदावर काहीही लिहिलेलं असो.