लाकूड कापणारी लाकडाची करवत

लाकूड कापणारं यंत्र, आणि तेही लाकडाचंच! चौकट लाकडाची, चाकं प्लायवूडची, चाकांवर रबर म्हणून सायकलची जुनी ट्यूब आणि तिच्यावरून सुसाट धावणारं पोलादी पातं. कुडाळला मामाच्या पडवीत ही घरगुती बँडसॉ चालताना पाहिली आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही शिरतच नाहीये. फणसाचा जाड तुकडा तिनं बघता बघता चिरला, फळीवरून हात फिरवला तर सपाट! मी नुसताच उभा. शेवटी मामाच ओरडला, "बघतंस काय, लाव लाकूड!"

लावलं. आणि मग मामाचं डोकं खाल्लं.

या वेडाचा एक मोठा गुरू कॅनडात आहे. मॅथायस वँडल. पेशानं अभियंता, ब्लॅकबेरी फोन काढणाऱ्या रिसर्च इन मोशन कंपनीत काम केलेला. त्यानं लाकडी चौकटीच्या लहानमोठ्या बँडसॉ बनवल्या, त्यांचे आराखडे विकायला ठेवले आणि देशोदेशीच्या हौशी लोकांनी ते बघून आपापल्या बनवल्या. मामानंही तेच केलं.

माझी पहिली शंका तुमचीही असणार: हे टिकतं कसं? तर हिशेब बघा. पातं 12 मिलिमीटर रुंद, 0.6 मिलिमीटर जाड. ते नीट ताणायचं तर एका बाजूला साधारण 75 किलोचा ओढा लागतो. वर जाणारी आणि खाली येणारी अशा दोन बाजू, म्हणजे चौकटीवर भार दीडशे किलोच्या आसपास. बस्स, एवढाच! पोलाद लाकडापेक्षा पंधरा-वीस पट ताठ, हे खरं. पण लाकूड त्याच्यापेक्षा दहा पटींहून हलकं. म्हणून चौकट बिनधास्त जाड करता येते. आणि जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट वाढतो! मामानं फळ्यांचे थर एकावर एक चिकटवलेत, प्रत्येक थरातले सांधे वेगळ्या जागी. शिवाय मोटरची थरथर लाकूड बरीचशी जिरवून टाकतं. कोकणातल्या पावसाचं काय? प्लायचे थर एकमेकांना आडवे-उभे असतात, त्यामुळे चाक फुगून अंडाकृती होत नाही. फक्त प्लाय आयएस 710 चा मरीन घ्यायचा.

पण मी खरा खुळावलो तो चाकं गोल करण्याच्या युक्तीवर. चाक आधी ओबडधोबड गोल कापायचं, त्याच्याच दांड्यावर बसवायचं, मोटरनं फिरवायचं आणि टेकूवर पटाशी धरून जागच्या जागीच तासायचं. ज्या बेअरिंगवर ते पुढे चालणार, त्याच बेअरिंगवर ते गोल होतं! शिवाय चाकाच्या कडेवर, जिथून पातं धावतं तिथं, मध्यभागी किंचित फुगवटा ठेवायचा. पातं आपोआप त्या उंचवट्यावर चढतं आणि तिथंच राहतं.

आता धोक्याचं. बँडसॉचे दात लाकडाला खाली, टेबलावर दाबतात. गोल पात्याच्या टेबल सॉमध्ये मात्र मागचे दात वर उसळतात. लाकूड त्यांच्यात अडकलं तर ते थेट माणसाच्या अंगावर येतं. म्हणूनच चांगल्या टेबल सॉला पात्यामागे, कापलेली फट उघडी ठेवणारी पट्टी असते. आपल्याकडे मार्बल कटर उलटा करून फळीखाली बसवतात, त्याला ना ही पट्टी, ना झाकण. वेग बघा: 4 इंची पातं, मिनिटाला 13 हजारांच्या घरात फेरे, म्हणजे दाताची टोकं सेकंदाला 70 मीटर! मामाच्या बँडसॉची चाकं 14 इंची. मोटर 1440 फेऱ्यांची, पुल्या अडीच आणि साडेचार इंची, म्हणजे चाकाचे फेरे 800 आणि पात्याचा वेग सेकंदाला जेमतेम 15 मीटर.

तरी बँडसॉ म्हणजे गरीब गाय नव्हे. बोट कापायला 15 मीटर पुरून उरतात. पातं तुटूही शकतं, म्हणून दोन्ही चाकं प्लायच्या झाकणात बंद हवीत. पात्याला सरळ धरणारा वरचा गाइड लाकडाला जवळजवळ टेकेपर्यंत खाली आणायचा. लहान तुकडा ढकलायला काठी, हातात मोजे नाहीत. अर्थिंग पक्कं, वीज गळताच पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी. आणि साध्या बटणाऐवजी डीओएल स्टार्टर! लोडशेडिंगनंतर वीज आली तरी मोटर आपणहून सुरू होत नाही, हिरवं बटण पुन्हा दाबावंच लागतं. भुशाची धूळही हसण्यावारी नेऊ नका; जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ 1995 मध्येच कर्करोगकारक ठरवली आहे. मास्क लावाच.

माझा निकाल असा: घरी बनवलेलं यंत्र लाकडाचं आहे म्हणून धोक्याचं होत नाही, झाकण नाही, स्टार्टर नाही, म्हणून होतं. बनवायचंच असेल तर पहिली बँडसॉ बनवा, आणि चौकटीइतकाच वेळ तिच्या झाकणांना द्या. उलट्या कटरच्या नादाला मात्र लागू नका.