न दिसणारी पिन

१९०८ ते १९२७ या काळात फोर्डच्या टी मॉडेलच्या दीड कोटींहून अधिक गाड्या घडल्या. त्यांतील एक आमच्याकडे आहे. तिचा मागचा आस आम्ही खोलून पुन्हा बांधला. बॅबिट धातूच्या झिजलेल्या चकत्या काढून ब्राँझच्या बसवल्या. अखेरीस, इंजिनाची शक्ती चाकांकडे नेणाऱ्या दांड्याला युनिव्हर्सल जॉइंटशी जखडणारी पिन तेवढी उरली.

नवी पिन भोकात इतकी घट्ट बसली, की तिची टोके ठोकण्याची गरज आम्हांस वाटेना. दांड्यावरच्या नळीची बुचे लावू लागलो, तोच वृद्ध मिस्त्रींनी विचारले, "उतारावर गाडी कशाने थांबवता?"

आम्ही वरमलो. या गाडीचा पायाचा ब्रेक चाकांवर नव्हे, तर गिअरपेटीत लागतो. पिन निसटली, की इंजिनाबरोबर हा ब्रेकही चाकांपासून तुटतो. हाती उरतो तो केवळ हाताचा ब्रेक. आणि मागच्या आसनावर आमची मुले असतात!

मग पिनेचे एक टोक जड लोखंडावर टेकवून दुसरे हातोडीने पसरवले, नंतर पहिलेही. मिस्त्रींनी दोन्ही टोकांवरून बोट फिरवले, तेव्हाच बुचे लागली. पिन दृष्टीआड झाली.

शुभवर्तमानांत संत योसेफांचा एकही शब्द नोंदलेला नाही. तरी बाळ येशू व मरिया त्यांच्याच आधाराने इजिप्तला पोहोचली आणि सुखरूप परतली. आता गाडी उताराला लागली, की आम्हांस प्रथम ती पिन आठवते, आणि पाठोपाठ संत योसेफ.